कुमसार, पश्चात्ताप आणि ईस्टर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंत्रूजचा (कार्निव्हलचा) धुडगूस संपतो आणि दुसऱ्याच दिवशी कपाळाला राख लावलेला सहकारी ऑफिसात येऊन बसतो. तिथपासून ईस्टरपर्यंत गोव्यातले मराठी वाचक कुमसार (फादरसमोर पापं कबूल करून क्षमा मागण्याचा संस्कार), पश्चात्ताप आणि ईस्टर यांबद्दल जे प्रश्न विचारतात, ते इथं एकत्र केले आहेत. उत्तरं कॅथलिक शिकवणीला धरून आहेत, कारण गोव्यातले बहुतेक ख्रिस्ती कॅथलिक आहेत. जिथं प्रोटेस्टंट मत वेगळं आहे तिथं तसं म्हटलं आहे.

पश्चात्ताप म्हणजे झाल्या गोष्टीचं वाईट वाटणं, एवढंच ना?

नाही. बायबलच्या नव्या करारात ग्रीक शब्द आहे ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणं. जुन्या करारातल्या हिब्रू शब्दाचा अर्थ त्याहून साधा: मागे फिरणं. वाट चुकलेला माणूस नुसता हळहळत उभा राहिला तर घरी पोचत नाही, त्याला वळावं लागतं.

फरक पाहायचा तर यहूदा आणि पेत्र ही येशूच्या दोन शिष्यांची जोडी शेजारी ठेवून पाहावी. दोघांनी एकाच रात्री येशूला दगा दिला. यहूदाला मागाहून पस्तावा झाला. त्यानं तीस नाणी परत नेली आणि ‘मी निर्दोष माणसाला धरून देऊन पाप केलं’ असं तोंडानं सांगितलंसुद्धा. म्हणजे दुःख, कबुली आणि भरपाई, तिन्ही झालं. पण तो गेला ज्यांनी पैसे दिले होते त्या याजकांकडे. त्यांचं उत्तर: ‘त्याचं आम्हांला काय? तुझं तू बघ.’ तिथून तो एकटाच निघाला आणि त्यानं गळफास घेतला.

पेत्रानं महायाजकाच्या वाड्यात कोळशाच्या शेगडीपाशी हात शेकत तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हटलं, कोंबडा आरवला, आणि तो बाहेर जाऊन रडला. भरपाई म्हणून त्याच्या हातात द्यायला काहीच नव्हतं. पण तो इतर शिष्यांना सोडून गेला नाही. पुनरुत्थानानंतर तळ्याकाठी येशू त्याला भेटतो तेव्हा तिथंही कोळशाचा विस्तव पेटलेला आहे आणि त्यावर मासे आहेत. ‘कोळशाचा विस्तव’ हा ग्रीक शब्द नव्या करारात या दोनच जागी येतो. तीन नकारांना तीन प्रश्न: ‘माझ्यावर प्रीती करतोस का?’ येशू त्या रात्रीचा उल्लेखही करत नाही, पण पेत्राला बरोबर त्याच जागी आणून उभा करतो. पश्चात्तापाची व्याख्या पाठ करण्यापेक्षा हे दोन विस्तव लक्षात ठेवावेत.

आपल्या धर्मशास्त्रातलं प्रायश्चित्त आणि हे एकच का?

शब्द एक असल्यामुळे गोंधळ होतो. मराठी ख्रिस्ती पुस्तकांत कुमसाराच्या संस्काराला ‘प्रायश्चित्त संस्कार’ म्हणतात. गोव्यात तर ख्रिस्ती श्रद्धा मराठीतून सांगायची रीत चारशे वर्षांची आहे. फादर थॉमस स्टीफन्सचं ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं. अशा लेखनात हिंदू वाचकाच्या ओळखीचे शब्द आले आणि त्यांच्याबरोबर त्यांचे जुने अर्थही आले.

कृच्छ्र किंवा चांद्रायण यांसारख्या व्रतांत कर्त्यानं केलेलं आचरण पाप धुतं. चंद्रकलेप्रमाणे घास कमी-जास्त करत महिना पुरा केला की शुद्धी. ख्रिस्ती शिकवणीत क्रम उलटा आहे. क्षमा आधी मिळते, प्रायश्चित्त नंतर येतं. ते क्षमेचं मोल नव्हे, आजारातून उठलेल्यानं पाळायचं पथ्य आहे.

येशूनं सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात हे बारकाईनं दिसतं. मुलगा डुकरांच्या खुराड्यापाशी बसून तीन वाक्यं जुळवतो: मी पाप केलं, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला चाकरासारखं ठेवा. घरी आल्यावर तो पहिली दोनच म्हणू शकतो. तिसरं, म्हणजे सौद्याचं वाक्य, बाहेर पडण्याआधीच बाप चाकरांना झगा, अंगठी आणि जोडे आणायला सांगतो. आणि त्याही आधी, मुलगा अजून दूर असतानाच, बाप धावत सुटलेला असतो. त्या काळच्या प्रतिष्ठित म्हाताऱ्याला धावणं शोभणारं नव्हतं.

या सगळ्याचा ईस्टरशीच संबंध का?

गुड फ्रायडेला वधस्तंभावरून येशू म्हणतो, ‘बापा, त्यांना क्षमा कर, ते काय करतात हे त्यांना समजत नाही.’ गोष्ट तिथंच संपली असती तर ते एका थोर माणसाचे शेवटचे शब्द ठरले असते. संत पौल स्पष्टच लिहितो: ख्रिस्त उठला नसेल तर तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात.

योहानाच्या शुभवर्तमानात ईस्टरच्याच संध्याकाळचा प्रसंग आहे. शिष्य दारं लावून बसलेले, तीन दिवसांपूर्वी पळून गेलेले. येशू मध्ये उभा राहतो आणि पहिला शब्द उच्चारतो: ‘तुम्हांला शांती असो.’ मग हातांवरच्या जखमा दाखवतो, त्यांच्यावर फुंकर घालतो आणि म्हणतो, ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची क्षमा झाली आहे. कुमसाराचा आधार हेच वचन. जखमा पुसल्या गेलेल्या नाहीत हेही पाहावं. क्षमा झाली म्हणजे घडलेलं घडलंच नाही, असं ईस्टर म्हणत नाही.

ईस्टर दर वर्षी वेगळ्या तारखेला का?

२१ मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, असा नियम. ही पौर्णिमा चर्चच्या कोष्टकातली, पंचांगातली नव्हे, म्हणून कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो. तारीख २२ मार्च ते २५ एप्रिल यांदरम्यान कुठंही येते. २०२६ मध्ये ५ एप्रिल, २०२७ मध्ये २८ मार्च. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार. मधले सहा रविवार वगळले की चाळीस उरतात.

या चाळीस दिवसांत गोव्यात काय काय असतं?

कोकणीत या काळाला कोरेझ्म म्हणतात. राख येते ती आदल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वाद दिलेली पानं जाळून. पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी गोवा वेल्हा इथं संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. हे जुनं गोवं नव्हे. पणजीहून मडगावला जाताना झुआरी पुलाच्या अलीकडे लागतं ते गाव. मिरवणूक फ्रान्सिस्कन परंपरेतली आहे आणि मुळात प्रायश्चित्ताची आहे. बाहेर फुगे-खाज्यांची फेरी भरते म्हणून ती जत्रा वाटते, एवढंच. अनेक चर्चमध्ये येशूच्या दुःखसहनाच्या मूर्तीसमोर मोतेत नावाची भक्तिगीतं गातात, व्हायोलिनच्या साथीनं. ज्यांना धर्माशी काही देणंघेणं नाही त्यांनीही एकदा ऐकावेत.

पवित्र गुरुवारी ‘ग्लोरिया’नंतर घंटा मुक्या होतात आणि शनिवारी रात्रीच पुन्हा वाजतात. मधल्या काळात मात्राक नावाचं लाकडी वाद्य खडखडवतात. गुड फ्रायडेला जगात कुठंही मीस (चर्चमधली मुख्य उपासना) होत नाही. वाचन, वधस्तंभाचं वंदन आणि आधीच अर्पण केलेल्या ओस्तीचं (पवित्र भाकरीच्या चकतीचं) वाटप होतं. गोव्यात त्यानंतर येशूची मूर्ती वधस्तंभावरून उतरवून मिरवणुकीनं नेतात.

उपवास म्हणजे काहीच खायचं नाही?

तसं नाही. सक्तीचे उपवास दोनच: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ पुरी झालेल्यांपासून साठावं लागेपर्यंत सगळ्यांना. एक पोटभर जेवण आणि दोन वेळा थोडंसं, तेही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ पुरी झाल्यापासून लागू होतो. तो या दोन दिवसांना आणि कोरेझ्मातल्या सगळ्या शुक्रवारांना. आजारी, गरोदर आणि अंगमेहनत करणाऱ्यांना सूट आहे.

मासे चालतात. त्यामुळे हिंदू शेजाऱ्याला गंमत वाटते: आमचा शिवराक म्हणजे नुस्तंही नाही, आणि तुमचा उपवास विसवणाच्या कापांवर! नियमात बसतं, पण भावनेत बसत नाही. जुन्या घरांत गुड फ्रायडेला पेज आणि लोणचं असतं, ते जास्त प्रामाणिक.

कुमसार नेमकं कसं करतात?

आधी घरी दहा-पंधरा मिनिटं बसून दहा आज्ञांच्या आधारानं स्वतःची झडती घ्यायची. हवं तर कागदावर टिपावं, नंतर तो फाडून टाकावा. मग चर्चमध्ये फादरसमोर किंवा जाळीआड बसून क्रूसाची खूण करायची आणि शेवटचं कुमसार कधी झालं ते सांगायचं: ‘फादर, आशीर्वाद द्या. आठ महिने झाले.’

पुढे पापं सांगायची. गंभीर पापाची जात आणि साधारण संख्या सांगणं आवश्यक आहे. ‘मी वाईट वागलो’ हे कुमसार नव्हे. ‘सासूला दोनदा शिवीगाळ केली, एकदा मुलांसमोर’ हे कुमसार. पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: बाब मोठी, पूर्ण कल्पना असणं आणि मनापासून संमती. एक जरी नसेल तर ते लहान पाप. तेही सांगावं, पण सक्ती नाही.

फादर दोन शब्द सांगतात आणि प्रायश्चित्त देतात: एखादी प्रार्थना, एखादं काम किंवा परतफेड. मग पश्चात्तापाची प्रार्थना म्हणायची. पाठ नसेल तर स्वतःच्या शब्दांत ‘देवा, मला खेद आहे, पुन्हा करणार नाही, मला मदत कर’ एवढं पुरतं. शेवटी फादर हात उगारून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं क्षमा उच्चारतात, आपण ‘आमेन’ म्हणायचं. पाच ते दहा मिनिटं. कोकणी येत नसेल तर मराठीतून चालेल का, हे आधी विचारून घ्यावं. भाषेचं बंधन संस्काराला नाही. फोनवर मात्र होत नाही. समोरासमोरच हवं.

यात काय चुकतं?

सगळ्यात जास्त चुकतं ते दुसऱ्याची पापं सांगणं. ‘भावानं असं केलं म्हणून मी…’ अशी सुरुवात झाली की दहा मिनिटं भावाचंच कुमसार चालतं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, कारणमीमांसा थोडक्यात.

मुद्दाम एखादं गंभीर पाप लपवलं तर बाकीच्या पापांचीही क्षमा होत नाही. तो संस्कार फुकट जातो. विसरलं तर प्रश्न नाही, क्षमा झालेली आहे, फक्त पुढच्या वेळी सांगायचं. उलटी चूकही असते: तेच क्षमा झालेलं पाप दर महिन्याला उकरून काढणं. अशा मनाला अतिशंकेखोर म्हणतात आणि त्याला अधिक कुमसार नव्हे, एकच ठरलेला फादर आणि त्याचं ऐकणं, हा उपाय सांगितला जातो.

तिसरी चूक व्यवहारातली: पवित्र आठवड्यात जाणं. रांग मोठी असते आणि फादर थकलेले. कोरेझ्मच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कामाच्या दिवशी संध्याकाळच्या मिसाआधी विगाराला (चर्चच्या मुख्य फादरना) विचारून गेलं तर निवांत बोलता येतं.

क्षमा मिळाली, मग नुकसान कोणी भरायचं?

ज्यानं केलं त्यानं. इथं सवलत नाही. जक्कयानं, म्हणजे एका श्रीमंत जकातदारानं, येशू घरी आल्यावर फसवलेल्यांना चौपट परत देण्याचं कबूल केलं. आजचा साधा हिशोब असा: चोरलेले पैसे मालकाला परत, मालक वारला असेल तर वारसांना, मालक सापडतच नसेल तर गरिबांना. नाव उघड करण्याची गरज नाही, पाकीट पोचलं म्हणजे झालं. परत करण्याचा इरादाच नसेल तर पश्चात्ताप खरा नाही, म्हणून क्षमाही लागू पडत नाही.

बदनामीची भरपाई अवघड. व्हॉट्सॲपच्या वाड्यावरच्या ग्रुपवर एखाद्या मुलीबद्दल खोटं पसरवलं असेल, तर तिला एकटीला गाठून ‘सॉरी’ म्हणून भागत नाही. त्याच ग्रुपवर ‘मी लिहिलं ते खोटं होतं’ असं लिहावं लागतं. बहुतेकांचं पाऊल इथंच अडतं.

फादरनं बाहेर सांगितलं तर?

सांगू शकत नाहीत. पोलिसांना नाही, बिशपना नाही, खुनाची कबुली असली तरी नाही. मुद्दाम गुपित फोडणारा पाद्री त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो. कुमसाराबाहेर भेटल्यावर ते स्वतःहून तो विषयही काढू शकत नाहीत. पण गुन्हेगाराला ‘पोलिसांत हजर हो’ असं निक्षून सांगू शकतात.

देवाला थेट का सांगू नये?

प्रोटेस्टंट थेटच सांगतात. कॅथलिकही रोज सांगतात. गंभीर पापासाठी मात्र संस्कार, तोही वर्षातून एकदा तरी. हा नियम १२१५ च्या लॅटेरन परिषदेपासूनचा आहे. आमच्या मते त्याचा मोठा फायदा साधा आहे: मनातल्या मनात माणूस स्वतःला फार स्वस्तात सोडतो.

पैसे देऊन पापं माफ होतात हे खरं का?

नाही. पैसे घेऊन दंडमाफीची पत्रं देण्याचा गैरप्रकार सोळाव्या शतकात झाला, प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरचा भडका त्यावरूनच उडाला, आणि १५६७ मध्ये पोप पायस पाचवे यांनी तो व्यवहार बंद केला. कुमसाराला फी नसते.

क्षमा करायची म्हणजे कोर्टातली केस मागे घ्यायची का?

गोव्यात हा प्रश्न बहुधा घराच्या वाटणीवरून येतो. भावंडांत इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसा वाटपाची, केस वर्षानुवर्षं चालते आणि ईस्टरच्या मिसाला एकाच बाकावर बसायची वेळ येते. उत्तर: हक्काचा वाटा मागणं पाप नाही. खोटा दाखला जोडणं, आईला साक्षीत ओढणं, समोरच्याचं वाटोळं व्हावं अशी इच्छा धरणं, हे पाप. केस चालू ठेवून माणसाशी बोलणं शक्य आहे, आणि वकिलाच्या नोटिशीपेक्षा एक फोन आधी करावा.

क्षमा आणि न्याय वेगळे चालतात. ओडिशात मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना गाडीत जाळून मारलं गेलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं. खटला चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये कायम केली. पोप जॉन पॉल दुसरे यांच्यावर १३ मे १९८१ ला गोळ्या झाडणाऱ्या अली आग्जाला ते १९८३ मध्ये तुरुंगात जाऊन भेटले. तो इटलीच्या तुरुंगातून सुटला २००० मध्ये.

समोरचा माफी मागतच नाही. तरी क्षमा करायची?

हो, पण क्षमा एकट्यानं होते, समेटाला दोघं लागतात. सूड न घेण्याचं ठरवणं आणि त्याचं भलं चिंतणं एवढं आपल्या हातात आहे. ‘सातदा नव्हे, साताच्या सत्तर वेळा’ याचा अर्थ, एकाच जखमेसाठी तेच पुन्हा पुन्हा ठरवावं लागतं असाही होतो. राग परत आला म्हणजे क्षमा खोटी होती असं नाही.

एक गोष्ट ठासून सांगायला हवी. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत जा, मुलाला छळणाऱ्या नातेवाइकाची तक्रार करू नको, असं ‘क्षमे’च्या नावाखाली सांगणारा माणूस चुकीचं सांगतो आहे, मग त्यानं झगा घातलेला का असेना. तक्रार करावी, अंतर ठेवावं. क्षमेचं नंतर बघता येतं.

इन्क्विझिशन चालवणाऱ्या चर्चनं क्षमेबद्दल बोलावं का?

गोव्यात हा प्रश्न रास्त आहे. इथलं इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेपासून ढळल्याचा संशय असलेल्यांना शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२ पर्यंत, मधली चार वर्षं सोडून, चाललं. तुळशीसारख्या जुन्या चालीरीती जपल्या म्हणून माणसं धरली गेली. १२ मार्च २००० ला, कोरेझ्मच्या पहिल्या रविवारी, पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांनी सत्याच्या नावाखाली वापरलेल्या असहिष्णू मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. त्या प्रार्थनेत गोव्याचं नाव नव्हतं. पापाची जात आणि संख्या सांगावी, हा चर्चचाच नियम. त्या मापानं ती कबुली मोघम होती, असं आमचं मत आहे.

आम्ही हिंदू आहोत. ईस्टरच्या मिसाला आलो तर चालेल का? कुमसार करता येईल का?

मिसाला जरूर या. शनिवारी रात्रीचा जागर पाहण्यासारखा असतो, दोन तास तरी धरून चला. अंधारात बाहेर नवा विस्तव पेटवतात. त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात. तिच्यावर वर्षाचे चार आकडे आणि धुपाचे पाच दाणे, पाच जखमांची खूण. मग ती ज्योत हातोहात सगळ्यांच्या मेणबत्त्यांवर जाते. मेण ठिबकतं, रेशमी साडी टाळा. पुढे एका प्राचीन स्तुतिगीतात आदमच्या पापाला ‘धन्य अपराध’ म्हटलेलं ऐकू येईल, कारण त्यामुळे असा तारणारा मिळाला.

उठताना-बसताना शेजाऱ्याकडे पाहा, गुडघे टेकायची सक्ती नाही. ओस्त घ्यायला मात्र रांगेत जाऊ नका, जागेवरच बसा. ते कॅथलिकांसाठीच आहे, आणि खुद्द कॅथलिकही गंभीर पाप सांगितल्याशिवाय घेत नाहीत. कुमसाराचा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे, पण मन मोकळं करायला फादरकडे कोणीही जाऊ शकतं. ईस्टरचा काळ पुढे पन्नास दिवस चालतो, म्हणून रविवारची गर्दी ओसरल्यावर गेलात तरी उशीर झाला असं होत नाही.